मुलींना शिकवणाऱ्या बाईंना जास्त पगार द्या, हे पंडिता रमाबाईंनी १८८२ सालीच सांगितलं होतं

पाच सप्टेंबर जवळ आला की शाळाशाळांत तयारी सुरू होते. फळ्यावर रंगीत खडूने शुभेच्छा लिहिल्या जातात, पोरं गुलाबाची फुलं आणतात, एखाद्या संस्थेकडून शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह मिळतं. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वाडीवस्तीवरच्या शाळांतही असंच चित्र असतं. सहा तारखेला मात्र गुरुजी आणि बाई पुन्हा जुन्याच प्रश्नांकडे वळतात. पगार वेळेवर होणार का, मानधनाचं पूर्ण पगारात रूपांतर कधी होणार, रोज किती किलोमीटर गाडी मारायची.

याच दौंड तालुक्यात, पुणे–दौंड रेल्वेमार्गावर केडगाव नावाचं स्टेशन आहे. चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे शिरूरला जाणारा रस्ताही इथूनच जातो. या केडगावात एका बाईंनी आयुष्याची शेवटची पंचवीसएक वर्षं काढली. शिक्षकाचा मान हारतुऱ्यात मोजायचा की पगारात, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी १४० वर्षांपूर्वीच सरकारी कमिशनपुढे देऊन ठेवलं होतं. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई म्हटलं की संस्कृत पांडित्य, धर्मांतर आणि विधवांचा आश्रम या तीन गोष्टी आठवतात. त्यांनी शिक्षिकांच्या पगाराबद्दल मांडलेलं म्हणणं मात्र फारसं सांगितलं जात नाही.

मान भरपूर, पोटाला मात्र काही नाही

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत विद्वान. तरुणपणी ते पुण्यात शिकायला होते. पेशव्यांच्या घरातल्या बाईंना संस्कृत शिकवलं जातं हे त्यांनी तिथे पाहिलं आणि आपल्याही बायकोला शिकवायचं ठरवलं. त्या काळी हे लोकांना रुचणं शक्यच नव्हतं. विरोध झाला तेव्हा अनंतशास्त्रींनी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ इथे बिऱ्हाड थाटलं आणि पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवलंच.

तिथे त्यांच्याकडे विद्यार्थी येत आणि घरातच राहत. त्यांच्याकडून फी घ्यायची नाही, उलट त्यांना जेवूखाऊ घालायचं, अशी जुनी रीत. पाहुणे आणि यात्रेकरूही येत. या सगळ्या खर्चात घर कर्जात गेलं. शेवटी जमीनजुमला सोडून अख्खं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. रमाबाई तेव्हा अगदी लहान होत्या.

पुढची बरीच वर्षं हे कुटुंब देवळांत, घाटांवर पुराण सांगत फिरलं. पुराणिकाला लोक नमस्कार करत. पोथीची पूजा होई, समोर फुलं, फळं आणि जमेल तेवढी नाणी ठेवली जात. ठरलेली रक्कम मात्र काही नव्हती. रमाबाईंना शिकवलं ते मुख्यतः आईने, कारण वडील तोवर म्हातारे झाले होते. दिवसभराच्या कामातून वेळ मिळत नसे, म्हणून लक्ष्मीबाई उजाडायच्या आत मुलीला उठवून मांडीवर घेत आणि श्लोक पाठ करून घेत. रमाबाईंच्या पहिल्या शिक्षिका त्याच.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. लोकांच्याच घरात खायला नव्हतं, तिथे पुराणिकाला कोण देणार? १८७४ मध्ये वडील गेले, त्यापाठोपाठ आई गेली आणि पुढे मोठी बहीणही. आईच्या अंत्यविधीला खांदेकरीसुद्धा पुरेसे मिळाले नाहीत, तेव्हा स्वतः रमाबाईंनी खांदा दिला. आयुष्यभर ज्यांच्या पाया लोक पडत होते, त्या विद्वान जोडप्याचा शेवट उपासमारीत झाला. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या.

पंडिता, सरस्वती आणि एक विधवा आई

भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई दोघंच उरले. हजारो मैल पायी फिरत १८७८ मध्ये ते कोलकात्याला पोहोचले. वीस वर्षांची एक मुलगी संस्कृतात वादविवाद करते याचं तिथल्या पंडितांना मोठं अप्रूप वाटलं. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

पण १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या सुरुवातीला पटकीने नवरा गेला. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरात तान्ही मुलगी होती, माहेर उरलं नव्हतं आणि सासरचा आधारही नव्हता.

त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या. रानडे, भांडारकर अशा सुधारकांनी त्यांचं स्वागत केलं. रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. आणि त्याच वर्षी पुण्यात हंटर कमिशन आलं.

हंटर कमिशनपुढे काय झालं?

हंटर कमिशन म्हणजे ब्रिटिश सरकारने फेब्रुवारी १८८२ मध्ये नेमलेला शिक्षण आयोग. अध्यक्ष होते विल्यम हंटर. देशातल्या शिक्षणाची, त्यातही प्राथमिक शिक्षणाची स्थिती तपासून शिफारशी करणं हे त्याचं काम. आयोग प्रांतोप्रांती फिरून जाणकारांच्या साक्षी घेत होता. सप्टेंबरमध्ये पुण्यात चोवीस वर्षांच्या रमाबाईंना बोलावणं आलं.

मुलींच्या शाळांसाठी शिक्षक कसे मिळवायचे, असा प्रश्न त्यांना विचारला गेला. रमाबाईंचं उत्तर गोळीबंद होतं. त्यांनी पुढच्या गोष्टी मागितल्या:

पहिली, शिकवणाऱ्या बायकांना त्या कामाचं खास प्रशिक्षण द्या. त्यांना स्वतःची भाषा नीट यायला हवी आणि इंग्रजीही यायला हवं.

दुसरी, शिकत असताना त्यांना चांगली शिष्यवृत्ती द्या.

तिसरी, मुलींना शिकवणाऱ्यांचा पगार मुलांना शिकवणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा.

चौथी, राहायला चांगली, सोयीची इमारत द्या आणि तिथली प्रमुख देशी बाईच असू द्या.

याशिवाय मुलींच्या शाळा तपासायला स्त्री-निरीक्षक नेमा, अशीही त्यांची मागणी होती. पुरुष निरीक्षक लहानसहान चुका मोठ्या करून दाखवतात आणि शिक्षिकेला नामोहरम करतात, अशी त्यांची तक्रार होती. मुलींना वैद्यकीय शिक्षण मिळालं पाहिजे, हेही त्यांनी तिथेच सांगितलं.

यातली तिसरी मागणी आजही दचकवणारी आहे. समान पगार मिळणं हीच मोठी गोष्ट असताना रमाबाई थेट जास्त पगार मागत होत्या. शिक्षिकेची योग्यता आणि प्रतिष्ठा वरची असायला हवी, म्हणून पगारही वरचा हवा, असं त्यांनी कारण दिलं.

त्या काळची परिस्थिती पाहिली की यामागचा हिशेब कळतो. मुलगी थोडी मोठी झाली की आईबाप तिला पुरुष शिक्षकाच्या वर्गात पाठवत नसत. म्हणजे शिक्षिका नसेल तर मुलीची शाळा सुटणार. शिक्षिका मिळवायची तर एखाद्या बाईने आधी स्वतः शिकलं पाहिजे, मग घराबाहेर पडलं पाहिजे आणि लोकांची बोलणी सोसली पाहिजेत. इतकं सगळं करणाऱ्या बाईला तुटपुंजा पगार दिला तर या कामाकडे कोण वळणार? आणि ती विधवा असेल तर तो पगार हाच तिचा एकमेव आधार. रमाबाई स्वतः नेमक्या याच स्थितीत होत्या.

हंटर या साक्षीने इतके प्रभावित झाले की त्यांनी ती इंग्रजीत भाषांतर करून वेगळी छापून घेतली.

त्याच पुण्यात, महिन्याभराने, महात्मा फुले

१९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं जोतीराव फुले यांचं निवेदन याच कमिशनपुढे आलं. त्यांनीही शिक्षकांच्या पगाराचा मुद्दा मांडला आणि थेट आकडे दिले. खेड्यातल्या शिक्षकाचा पगार महिना १२ रुपयांपेक्षा कमी नसावा आणि मोठ्या गावांत तो किमान १५ ते २० रुपये असावा. ज्या शिक्षकाची जास्त मुलं पास होतील त्याला पगाराशिवाय वेगळा भत्ता द्यावा.

फुले आणखी पुढे गेले. शिक्षकाला गावच्या हिशेबांची तपासणी, दस्त नोंदणी, टपाल किंवा स्टॅम्पविक्री अशी कामं द्यावीत, म्हणजे गावात त्याचं वजन वाढेल, असं त्यांनी सुचवलं. ही सूचना हवेतली नव्हती. सातच वर्षांपूर्वी, १८७५ मध्ये, शिरूर आणि भीमथडी भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला होता आणि कर्जरोखे जाळले होते. भीमथडी म्हणजे आजचा दौंड-बारामतीचा भाग. कागदावर काय लिहिलंय हे वाचता न येणाऱ्या माणसाने अंगठा दिला की काय होतं, हे या गावांनी भोगलं होतं. अशा गावात दस्त नोंदवणारा, पोटापुरता पगार असलेला आणि कुणाच्या दबावाखाली नसलेला शिक्षक असणं किती मोलाचं होतं, हे वेगळं सांगायला नको.

फुल्यांच्या डोळ्यांसमोर खेड्यातला शिक्षक होता, तर रमाबाईंच्या डोळ्यांसमोर मुलींची शिक्षिका. दोघांची वाट वेगळी असली तरी शिक्षकाला आधी पोटभर पगार द्या, हे दोघांनीही एकाच शरद ऋतूत, एकाच शहरात, एकाच आयोगाला सांगितलं.

इंग्लंडमध्येही तोच अनुभव

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून आलेल्या पैशांची या प्रवासाला मदत झाली. डॉक्टर व्हायचा विचार होता, पण कमी ऐकू येत असल्यामुळे तो सोडावा लागला. वाँटेजला त्यांनी आणि मनोरमाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात त्यावरून मोठं वादळ उठलं.

पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. तिथे एक प्रसंग घडला. भारतात नोकरीसाठी जाणाऱ्या काही इंग्रज तरुणांना रमाबाईंनी शिकवावं, अशी कल्पना पुढे आली. पण भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. एका बाईने पुरुषांना शिकवलं तर भारतात तिची पत राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

रमाबाईंना हे अजिबात पटलं नाही. त्या भारतात पुरुषांनी भरलेल्या सभांमध्ये बोलल्या होत्या आणि पंडितांशी वाद घातले होते. आपण काय शिकवायचं आणि कुणाला, हे दुसऱ्यांनी परस्पर ठरवावं याची त्यांना चीड आली आणि त्यांनी ती पत्रांतून स्पष्ट कळवली. बाई शिक्षिका म्हणून कितीही योग्य असली तरी तिच्या कामाची चौकट दुसरेच आखतात, हे त्यांना इंग्लंडमध्येही दिसलं.

विधवांना शिक्षिका करणारी शाळा

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून जास्त काळ तिथे राहिल्या. तिथल्या शाळा पाहिल्या, बालवाडीची म्हणजे किंडरगार्टनची पद्धत शिकून घेतली आणि गावोगावी भाषणं दिली.

१८८७ मध्ये त्यांचं ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक आलं. ते त्यांनी आपल्या आईला अर्पण केलं. पहाटे उठून शिकवणाऱ्या, आयुष्यात एक पैसाही पगार न मिळालेल्या आपल्या शिक्षिकेचे आभार त्यांनी असे मानले. पुस्तकाच्या शेवटी भारतीय स्त्रीच्या तीन मुख्य गरजा त्यांनी सांगितल्या: स्वावलंबन, शिक्षण आणि देशी स्त्री-शिक्षिका. या पुस्तकामुळे बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. बालविधवांना इथे फक्त आसरा द्यायचा नव्हता. त्यांना शिकवून शिक्षिका किंवा परिचारिका बनवायचं आणि स्वतःच्या कमाईवर उभं करायचं, हा हेतू होता. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

त्याच वर्षी सदनावर संकट आलं. मुलींना ख्रिस्ती केलं जातंय, असा आरोप झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुलींना काढून नेलं. संस्थेच्या धर्मविषयक भूमिकेवरचा हा वाद आजही संपलेला नाही. पण रमाबाईंनी शाळा बंद केली नाही.

आणि मग केडगाव

अमेरिकेची मदत दहा वर्षांचीच होती. ती संपल्यावर काय, या विचारातून रमाबाईंनी केडगावजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली. तिथे फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा बेत होता. देणगीदार उद्या नसतील, पण शाळा तर रोज चालवावी लागते, हे त्या जाणून होत्या.

१८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिथे गेल्या. भुकेने मरणाऱ्या मुली पाहिल्यावर त्यांना स्वतःचं सोळावं वर्ष आठवलं नसेल तरच नवल. तिथून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. पण पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती आणि इतक्या जणींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग या सगळ्यांना केडगावच्या माळावर आणलं. आधी तंबू आणि झोपड्या, मग पक्क्या इमारती. यातूनच मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर इथली संख्या सुमारे दीड हजारावर गेली.

इतक्या जणींना शिकवणार कोण? इथे रमाबाईंची १८८२ ची कल्पना प्रत्यक्षात आली. वरच्या वर्गातल्या मुली शिकवायला शिकल्या आणि खालच्या वर्गांना शिकवू लागल्या. काल दुष्काळातून आलेली मुलगी काही वर्षांनी वर्गासमोर उभी राहू लागली. शिक्षणाबरोबर विणकाम, शिवणकाम, शेती, दूधव्यवसाय, तेलाचा घाणा आणि छापखाना अशी कामंही होती. छापखान्यात बायकाच खिळे जुळवत. मनोरमाबाई पदवीधर झाल्या, शाळेची धुरा त्यांनी सांभाळली आणि अंध मुलींसाठी ब्रेल शिकवण्याची सोय केली.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच रमाबाईंचं निधन झालं. मुक्ती मिशन आजही तिथे आहे.

मग आज काय?

रमाबाईंच्या साक्षीतली यादी पुन्हा एकदा पाहा. प्रशिक्षण, शिष्यवृत्ती, चांगला पगार, राहायची सोय आणि कामाची नीट जाण असलेला वरिष्ठ.

यातलं बरंच काही आता मिळालंय. सरकारी शाळेतल्या शिक्षिकेला शिक्षकाइतकाच पगार मिळतो आणि शिक्षण क्षेत्रात बायका मोठ्या संख्येने आहेत. पण महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. यात नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षं पगाराऐवजी मानधनावर काम करावं लागतं. प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन अनेक वर्षं महिना ६,००० रुपये होतं. ते १६,००० रुपये व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांतले शिक्षक अनुदानासाठी अजूनही मुंबईत आझाद मैदानावर येऊन बसतात.

शिक्षकांची कदर म्हणजे काय, याचं एक उदाहरण शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत पाहायला मिळतं. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी तिथल्या गावकऱ्यांनी जमीन दिली आणि शाळा उभारायला हातभार लावला. गावाने मनावर घेतलं की शाळा बदलते, हे त्यातून दिसलं. पण पगार देणं हे गावाच्या हातात नसतं. ते काम सरकारचं आणि संस्थाचालकांचं. गाव त्यासाठी शिक्षकांच्या बाजूने उभं राहू शकतं, आपल्या आमदाराला विचारू शकतं, आपल्या पोरांच्या खासगी शाळेत बाईंच्या हातात खरोखर किती पैसे पडतात याची चौकशी करू शकतं.

पोथीसमोर वाहिलेल्या फुलांनी घर चालत नाही, हे रमाबाईंनी सोळाव्या वर्षी पाहिलं होतं. म्हणूनच चोवीसाव्या वर्षी, सरकारने विचारल्यावर, त्यांनी शिक्षिकांसाठी पगार मागितला. येत्या पाच सप्टेंबरला फूल जरूर द्या. आणि त्यासोबत बाईंचा पगार वेळेवर होतो का, हेही एकदा विचारा.